गच्चीवरच्या मिरच्या व खालची माणसे

१० फेब्रुवारी. चांद्र नववर्षाचा सण.

आज सासरी मी बोलले. नोंदवून ठेवण्याजोगी घटना. लग्नाला दोन वर्षे झाली. या काळात त्या घरात माझ्या तोंडून ‘हो’, ‘नको’ आणि ‘पोट भरले’ यांखेरीज काही बाहेर पडल्याचे कोणाला आठवणार नाही. माझा स्वभाव मितभाषी आहे. शाळेत सर्व वर्षे पहिली आले ती परीक्षा लेखी होत्या म्हणूनच, असे थोरल्या जाऊबाई म्हणतात. त्यांचे बाजारात तोंडीलावण्यांचे दुकान आहे. तोंड हाच त्यांचा व्यवसाय.

सगळ्या जणी मांडूच्या सारणभरल्या पुरचुंड्या वळत बसल्या होत्या. विषय नेहमीचाच: उमसाँगचे मामा. मामांची कंबर गेली आहे. नोव्हेंबरात चार घरांची मिळून हिवाळाभर पुरेल अशी कोबीची जी तिखट किमची घातली जाते, तिला लागणारी लाल मिरची दरवर्षी मामांच्या शेतातून पोत्याने येते. ती यापुढे किती वर्षे येणार? सगळ्या नुसत्याच उसासत होत्या. तेव्हा मी म्हणाले, “मिरची कुंडीतही होते.”

मग जाऊबाई म्हणाल्या, “अगंबाई, धाकटीला वाचा फुटली. आई, हिला अजून एक वाटी सार वाढा.”

ग्राम्य हशा. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारले, “मग काय सूनबाई, यंदा उमसाँगला मिरची सांगून ठेवू, की राहू दे?”

मी गंभीरपणे मान हलवली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्या मते खऱ्या शहाण्याला शब्दही लागत नाहीत.

सारांश: चार घरांच्या हिवाळ्याची जबाबदारी आजपासून माझ्यावर आहे.

११ फेब्रुवारी.

गेल्या किमजांगच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून किमची घालायच्या, दिवशी मला दिलेले काम: मुलांचे हात पुसणे व कोणी मागितल्यास रबरी हातमोजे देणे. सगळ्या बायका तिखटाच्या परातीभोवती गोल करून बसल्या होत्या, कोबीच्या पानापानांत मसाला भरत होत्या; मी दारात हातमोजे घेऊन उभी. या वर्षी मी सासूबाईंच्या उजव्या हाताला बसेन. ती जागा मागायची नसते. ती चालून येते.

ही-सकला (माझे यजमान) योजना सांगितली. तो म्हणाला, छान, जेवताना तोंडी लावायला बऱ्या. पाणी तापवण्याच्या बंबांचा हा अभियंता. उदरापलीकडे विचार नाही.

२ मार्च.

ग्रंथालयातून कुंडीतील लागवडीवरची चार पुस्तके आणली. चारही वाचून संपली. एकात ‘मुळे’च्या जागी ‘मुले’ छापले आहे: ‘मुले सडू नयेत म्हणून काळजी घ्यावी.’ माझा व्यवसाय शालेय पुस्तकांची प्रुफे तपासण्याचा असल्यामुळे प्रकाशकाला तत्काळ कळवले. ज्यांना आपले पुस्तक धड छापता येत नाही, त्यांचा मिरचीविषयीचा सल्ला कितपत घ्यावा याचा विचार करते आहे.

२४ मार्च.

कुंड्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत, चिनी मातीच्या. आमच्या इमारतीच्या हिरवा रंग दिलेल्या गच्चीवर ओळीने मांडल्या तेव्हा गच्चीला पहिल्यांदाच काही प्रतिष्ठा आली. गच्चीचे दुसरे टोक खालच्या मजल्यावरच्या मोक काकांनी व्यापले आहे. हे निवृत्त बसचालक. मासळीवाल्याकडून आणलेले थर्मोकोलचे खोके आणि एक तडकलेले लाल रबरी टोपले, हे यांचे उद्यान. शिवाय रेडिओ. रोपांना गाणी आवडतात म्हणे.

काका कुंड्या पालथ्या करकरून पाहत होते. म्हणाले, “सूनबाई, याला खाली भोक नाही.”

मी स्मितहास्य केले. भोक म्हणजे गळती. पाणी टिकून राहावे म्हणून तर कुंडी.

५ मे.

रोपे आणली.

बाजारात रोपवाल्यासमोर ही गर्दी. प्रत्येक बाई त्याच्याशी वाद घालते, नावे विचारते, पाने उलटीसुलटी करते. मी पूर्ण अभ्यास करून गेले असल्यामुळे मला काहीच विचारायचे नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी मिरचीच्या रोपांकडे बोट दाखवले. त्याने विचारले, “खायला हव्यात की वाळवायला?”

काय हा प्रश्न! वाळवलेली मिरची न खाता कोणी कपाटात ठेवते काय? असल्या अडाणी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि मागच्या बाईची पिशवी माझ्या पाठीला टोचत होती. मी मान हलवली.

त्याला लगेच कळले. उठून त्याने आतल्या बाजूचे ट्रे काढून दिले. इतरांना दिली त्यांहून कितीतरी जाड खोडाची, रुंद पानांची रोपे. ज्याला त्याला पाहून माल दिला जातो.

ही-सकने टोमॅटोचे एक रोप आणायला सांगितले होते. आणले. स्वयंपाकघरातली किमचीची जुनी प्लास्टिकची बादली घेऊन, स्क्रू-ड्रायव्हर तापवून तिच्या बुडाला भोके पाडून त्याने ते लावले. माझ्या शुभ्र कुंड्यांच्या शेजारी ही बादली म्हणजे मेजवानीत अनवाणी आलेला पाहुणा.

९ मे.

रोपांना आधार हवा, असे चारही पुस्तके सांगतात. लग्नात आलेल्या स्टीलच्या चॉपस्टिक वापरल्या. ऊन पडले की चकाकतात. मोक काका लोखंडी सळ्या रोवतात. सौंदर्यदृष्टी ही शिकवून येत नाही.

२१ मे.

पाने पिवळी. पाण्याची कमतरता. पाणी वाढवले.

२६ मे.

अधिक पिवळी. पाणी आणखी वाढवले. रोपे लाजाळू असावीत. मी समजू शकते.

२ जून.

मोक काकांनी न विचारता सांगितले की खोडाला जिथे पहिले बेचके फुटते तिथले फूल खुडून टाकायचे आणि बेचक्याखालचे सगळे फुटवेही काढायचे. मग झाड अंगाने भरते. पहिलेवहिले अपत्य खुडा! बसचालकाचेच तत्त्वज्ञान: वाटेत आले ते बाजूला करा. मी स्मितहास्य केले.

३ जून.

दुसऱ्या पुस्तकात बेचक्यातील फूल खुडण्याची शिफारस आढळली. फुले खुडली. फुटवेही काढले. काका खाली गेल्यावर. माझ्या कृतीचा त्यांच्या सल्ल्याशी काडीचा संबंध नाही, हे त्यांच्या लक्षात येणे कठीण होते.

१४ जून.

मावा. कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या किड्यांची लोकसभा भरली आहे. काका म्हणतात मक्कल्ली शिंपडा. तांदळाची दारू रोपांना! त्यातली निम्मी ते स्वतःवर शिंपडतात, हे त्यांच्या नाकावरून कळते.

तिसऱ्या पुस्तकात शास्त्रीय उपाय आहे: अंड्याचा बलक व तेल पाण्यात घोटून फवारणे. बलक आणि तेल म्हणजे मेयॉनेज. घरात होतेच. पाण्याचे प्रमाण दिले होते, पण पातळ औषधाचा गुण पातळ.

१५ जून.

गच्चीवर पाच मांजरे. कुंड्या चाटत आहेत.

१७ जून.

मावा कमी झाला आहे. माझे औषध रामबाण. मांजरांनी चाटल्यामुळे झाला असे काका म्हणतात; त्यांना यश दुसऱ्याला द्यायचे नसते.

२९ जून.

पावसाळा लागला. चॉपस्टिक आडव्या. रोपे आडवी. कुंड्यांत तळी साचली आहेत. घरातल्या सर्व छत्र्या गच्चीवर उघडून ठेवल्या. ही-सक भिजत कामावर गेला. चार घरांच्या हिवाळ्यापुढे एका माणसाची ओली विजार म्हणजे काहीच नाही, हे त्याला समजावले. तो हो म्हणाला. कोणत्या चार घरांच्या, असे त्याने जिन्यात वळून विचारले; मी दार लावून घेतले.

७ जुलै.

तीन रोपे गेली. मुळाशी काळी पडली होती. निसर्ग दुर्बलांना गाळतो. उरली ती जातिवंत.

ही-सकने रविवारची सुटी घेऊन, मला न सांगता, ड्रिलने माझ्या सर्व कुंड्यांना खालून भोके पाडली. दोन कुंड्या तडकल्या. गच्चीभर घाण पाणी. मोक काका शेजारी उभे राहून त्याला ‘शाबास’ म्हणत होते. काकांनी चार लोखंडी सळ्याही दिल्या. मी आत जाऊन प्रुफे तपासत बसले. दोन पुरुष मिळून एका वस्तूचा सत्यानाश करतात तेव्हा त्याला ते ‘काम’ म्हणतात.

२० जुलै.

रोपे अशी काही तरारली आहेत की पाहत राहावे. मेयॉनेजचा परिणाम उशिरा पण खात्रीने होतो.

२८ जुलै.

मिरच्या! लांब, जाडजूड, तुकतुकीत हिरव्या. मोक काकांच्या मिरच्या बोटाएवढ्या, वाकड्या, पातळ सालीच्या. त्यांनी माझी एक मिरची हातात घेऊन दाबून पाहिली व म्हणाले, “काकडीच आहे हो. त्वेनजांगला लावून कडाकडा चावायला काय मजा!”

काकडी! मत्सर कोणत्या थराला जातो पाहा. शिवाय यांना माहीत नाही की हे पीक त्वेनजांगच्या सोयाबीन-चटणीत बुडवण्यासाठी नव्हे, किमजांगच्या परातीसाठी आहे.

त्यांच्या खोक्यांतल्या मिरच्यांवर पावसाने गोल काळे डाग पडू लागले आहेत. गाणी ऐकवूनही.

४ ऑगस्ट.

बादलीतला टोमॅटो गच्चीच्या कठड्यावर चढला आहे. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि तो कोणाचे ऐकत नाही. पहिल्या काही फळांची बुडे काळी झाली होती. त्या वेळी मी अंड्याची कवचे अखंड स्वरूपात बादलीत रचून ठेवली. त्यातून काही निष्पन्न होण्याआधीच तो आपोआप सुधारला. आता रोज लाल फळे देतो. दुपारी मॅगपाय पक्षी येतात. त्यांनाही टोमॅटोच हवेत. अभिरुची ही अशी सार्वत्रिक घसरलेली आहे.

१० ऑगस्ट.

सासूबाई आल्या. थेट गच्चीवर गेल्या. मी मागोमाग. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

त्यांनी एक मिरची तोडली, गळ्यातल्या ओढणीला पुसली, आणि कच्चीच चावली. डोळ्यांतून टिपूस नाही. दुसरी तोडली. तिसरी. म्हणाल्या, “गोड आहे गं. पाणीदार.” हा तज्ज्ञाचा अभिप्राय. मग जेवताना त्वेनजांगसोबत आणखी चार खाल्ल्या. टोमॅटोचे काप करून वर साखर भुरभुरून तेही खाल्ले. जाताना म्हणाल्या, थोड्या मिरच्या घेऊन जाऊ का? मी मान हलवली. त्यांनी मोठी पिशवी भरली. पीक तपासून पाहण्याची त्यांची ही पद्धत जरा विस्तृत आहे.

निघताना म्हणाल्या, उमसाँगला यंदा पीक चांगले आहे. बिचारे मामा. कोणी घेणार नाही तेव्हा कळेल.

१२ ऑगस्ट.

जाऊबाईंचा फोन. “धाकटे, तुझ्या त्या मिरच्या माझी पोरंसुद्धा खातात गं. दुकानासाठी अजून दे ना पिशवीभर.”

मिरची पोरे खातात! याहून जहरी टोमणा कोणता असेल? मी काही बोलले नाही. त्यांनी ‘मग येते उद्या’ म्हणून फोन ठेवला. आल्या. नेल्या.

३० ऑगस्ट.

उरलेल्या मिरच्या अखेर लाल झाल्या. गच्चीवर चटई पसरून वाळत घातल्या. लाल रंगावर ऊन. मी खुर्ची टाकून पाहत बसले. या क्षणी मला प्रथमच वाटले की आपण या कुटुंबाच्या आहोत.

३ सप्टेंबर.

वाळत नाहीत. चार दिवसांच्या उन्हानंतरही पिळल्या तर पाणी येईल अशा. शेजारच्या चटईवर काकांच्या ज्या काही डागाळलेल्या मिरच्या वाचल्या, त्या वाळून खुळखुळ वाजू लागल्या आहेत. हलक्या मालाचे तसेच असते. आत काही नसेल तर वाळायला वेळ किती लागणार?

५ सप्टेंबर.

काही मिरच्या आतून बुळबुळीत झाल्या. टाकल्या. बऱ्याच टाकल्या.

७ सप्टेंबर.

पाऊस. सर्व मिरच्या तीन दिवसांपूर्वीच निजायच्या खोलीत आणून विजेच्या उबदार गादीवर पसरल्या. आम्ही दोघे बाजूला जमिनीवर. लहानपणी माझ्या आजोळी आजी मिरची वाळत घालायची तेव्हा अख्खे घर खोकत असे, डोळे चोळत असे. येथे तीन रात्री मिरच्यांच्या कुशीत झोपूनही ही-सकला एक ठसका नाही. एक शिंक नाही. चोखंदळपणे वाढवलेली मिरची घरातल्या माणसांवर असा हल्ला करत नाही, हाच तिच्या संस्कारांचा पुरावा.

१७ सप्टेंबर. चुसक, सुगीचा सण.

सासरी. बाल्कनीत चादरीखाली झाकलेले एक पोते दिसले. बहुधा नवा तांदूळ. जवळून गेले तर मला लागोपाठ शिंका आल्या. तांदूळ नवा नसावा. फार धूळ होती.

सासूबाईंनी विचारले, मिरच्यांचे काय झाले. मी म्हणाले, वाळताहेत. त्यांना का कोण जाणे आश्चर्य वाटले. “वाळवतेयस? त्या?” एवढेच म्हणाल्या आणि मला तांदळाची आणखी एक सोंगप्यन करंजी वाढली.

‘त्या?’ या शब्दावर प्रवासभर विचार केला. कौतुकच असावे.

६ ऑक्टोबर.

वाळून तयार झालेले सर्व पीक बुटांच्या खोक्यात मावते. ही-सकच्या बुटांच्या नव्हे. माझ्या.

पुस्तके पुन्हा पाहिली. चौथ्या पुस्तकात बारीक अक्षरांत दिले आहे की ओली मिरची वाळली की पाचाला एक उरते. ही माहिती ठळक अक्षरांत असायला हवी होती. संपादन म्हणून काही असते की नाही?

गुणवत्ता म्हणून काही असते, हेही खरे.

१३ ऑक्टोबर.

सत्य सांगण्याचा निर्णय घेतला आहे. अजून वेळ आहे. सासूबाईंना आज सांगितले तर त्या कुठूनतरी मिरची मिळवतील. नाहीतर चार घरे, अकरा माणसे, हिवाळाभर पांढरी किमची खातील, आणि प्रत्येक जेवणाला माझी आठवण काढतील.

वाक्य लिहून काढले. ‘आई, माझ्या हिशेबात थोडी तफावत झाली असून…’ चारदा मोठ्याने वाचले. फोन लावला. त्या म्हणाल्या, “काय गं बाळा? जेवलीस का?” मी म्हणाले, “हो.” त्या म्हणाल्या, थंडी पडायला लागली, अंगावर घेत जा. मी म्हणाले, “हो.” फोन ठेवला.

वेळ योग्य नव्हती. त्यांच्या बोलण्यात जेवणाचा विषय होता.

२० ऑक्टोबर.

आजही वेळ योग्य नव्हती.

२ नोव्हेंबर.

ही-सकने विचारले, तू जेवत का नाहीस. मी म्हणाले, प्रुफे फार आली आहेत. तो गच्चीवर गेला आणि बादलीतले शेवटचे हिरवट टोमॅटो घेऊन आला. त्यांवर साखर घालून बशी माझ्या टेबलावर ठेवली. खाल्ले. त्याला सर्व सांगावे असे वाटले. पण अभियंत्याला ‘जबाबदारी’ समजावून सांगायची म्हणजे आकृती काढावी लागते.

९ नोव्हेंबर.

गिरणीत गेले. नाकातोंडाला फडके बांधलेल्या बायकांची रांग. प्रत्येकीचे पोते. सगळ्या शिंकताहेत, खोकताहेत, डोळे पुसताहेत आणि तरी बोलताहेत. माझे खोके पाहून गिरणीवाल्याने मला वाटेत काही विसरलात का असे विचारले. मग विचारले, किमचीसाठी जाड दळू की सॉससाठी बारीक? मागे रांग थांबली होती. मी मान हलवली.

माझ्या मिरच्या गिरणीत पडल्या तेव्हा तो गृहस्थ दोन क्षण थांबला. हवा हुंगली. आणि त्याने तोंडावरचे फडके काढून खिशात ठेवले.

कारागिराने कलेला दिलेली ही सलामी मी विसरणार नाही.

पूड: पिठासारखी मऊ. रंग पीचच्या सालीचा. एक पिशवी, हातमोज्याएवढी.

२२ नोव्हेंबर.

उद्या किमजांग. आजारी पडण्याचा विचार मनात आला व नाकारला. नाकारला, कारण ताप येत नाही.

२३ नोव्हेंबर.

जे घडले ते क्रमाने लिहिते.

सासूबाईंच्या अंगणात मिठात मुरवलेल्या कोबीचा डोंगर. बायका हातमोजे घालून परातीभोवती बसल्या होत्या. परात झाकलेली. मी दोन्ही हातांत पिशवी धरून मध्ये जाऊन उभी राहिले आणि आयुष्यातले सर्वांत लांब वाक्य बोलले. म्हणाले, “आई, एवढीच झाली, मी फेब्रुवारीत मान हलवली तेव्हा मला वाटलं होतं की पुरेल, ऑक्टोबरात सांगायला हवं होतं, चार घरांचा हिवाळा माझ्यामुळं वाया गेला, मला क्षमा करा.”

सगळ्यांचे हात थांबले. एक मांजर कोबीजवळ आले, तेही थांबले.

सासूबाईंनी विचारले, “कशाची मिरची? किमचीची?”

मी मान हलवली.

त्यांनी परातीवरचे झाकण काढले. आत लालभडक मसाला, डोंगराएवढा. बाल्कनीतले ते पोते भिंतीशी टेकून उभे होते. वर उमसाँगचा पत्ता. त्या म्हणाल्या, “अगं, तू मान हलवलीस ना? सांगून ठेवा म्हणालीस असं मी धरलं. दुसऱ्याच दिवशी मामाला फोन केला.”

सर्वांच्या आधी जाऊबाईंच्या लक्षात आले. “म्हणजे ही पोर वर्षभर आपल्या सगळ्यांचा हिवाळा डोक्यावर घेऊन फिरत होती? त्या काकडी-मिरच्यांवर?” त्या हसू लागल्या. हसता हसता हातमोज्यानेच डोळे पुसले, आणि मग त्यांना जे झाले ते योग्यच झाले. दोघींना त्यांना नळावर न्यावे लागले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीत बोट बुडवून जिभेवर ठेवले. पुन्हा एकदा बुडवले. म्हणाल्या, “पोरांच्या किमचीला उत्तम.”

अशा रीतीने मला एक स्वतंत्र विभाग देण्यात आला. बुटके टेबल, बारा गड्डे, माझी पूड, आणि भोवती जाऊबाईंची तीन मुले. मी भरायची, ती चाखायची. तिखट लागते का असे विचारले. सर्वांत धाकटा म्हणाला, “नाही. अजून घाल.” त्याच्या नाकावर सगळी पूड होती आणि तो हसत होता.

मधेच सासूबाई आल्या, मोठ्या परातीतले मसाला भरलेले एक पान उकडलेल्या डुकराच्या तुकड्याभोवती गुंडाळून माझ्या तोंडात कोंबले. “खा. वाळली आहेस, तुझ्या मिरच्यांपेक्षा.” तोंड भरलेले असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही.

डोळ्यांत जे पाणी आले ते मिरचीचे होते. उमसाँगची मिरची अत्यंत असंस्कृत आहे.

२४ नोव्हेंबर.

शांतपणे विचार करता, या वर्षीचा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणावे लागेल. पोरांची किमची हा किमजांगचा पायाच. जी रोपे मला त्या अडाणी रोपवाल्याने दिली तीच चूक होती. त्याने नीट विचारायला हवे होते.

नीट विचारले होते, असे ही-सक म्हणतो. मी त्याला ती नोंद वाचून दाखवली, ही माझी चूक.

निश्चय: पुढच्या वर्षी वाळवायच्या मिरच्या. भोके असलेल्या कुंड्या. एक शब्द: “वाळवायला.”

२७ एप्रिल.

सासूबाईंचा फोन. मामांनी शेत कसायला दिले. यंदा उमसाँगचे पोते निम्मेच येईल. “तू लावशील ना गं थोड्या? या खेपेला खरंच विचारतेय.” मी स्पष्ट आवाजात “हो” म्हणाले. फोनवर मान दिसत नाही, याचा हा फायदा.

मोक काकांनी लोखंडी सळ्या आधीच आणून ठेवल्या आहेत. लाल टोपल्यात तडा वाढला आहे. त्यात ते यंदा फक्त गाणी लावणार की काय?

३ मे.

सराव. ही-सक रोपवाला झाला. त्याने विचारले, “खायला की वाळवायला?” मी म्हणाले, “वाळवायला.” पुन्हा. पुन्हा. शेवटच्या वेळी तर त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाले. तो म्हणाला, फार छान. बंबवाल्याला परीक्षक म्हणून किंमत नाही, पण उच्चार निर्दोष होता यात शंका नाही.

४ मे.

बाजारात तोच रोपवाला. त्याने मला ओळखले. मागच्या वर्षीच्याच ना, झाल्या का छान, असे सगळ्यांसमोर विचारले. सगळ्या बायकांनी वळून पाहिले. मग म्हणाला, “यंदा खायला की वाळवायला?”

शब्द ओठांवर होता. मागच्या बाईची पिशवी पाठीला टोचत होती. बहुधा तीच पिशवी.

मी मान हलवली.

रोपे घेऊन घरी आले. खोडे अतिशय जाड आहेत.